दोन नॅनो गेले, तिसरा कसा जगवायचा?

प्रश्न: औसा तालुक्यात अठरा वर्षांपासून माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळा लागला की बोअर आटतात, मोटारी कोरड्या चालतात आणि जळून माझ्याकडे येतात. ड्राय रन झाली की मोटार बंद करेल आणि शेतकऱ्याला मेसेज पाठवेल असं काही स्वतः बनवावं, म्हणून ऑनलाइन दोन आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम भरून चालवायचे छोटे सर्किट बोर्ड) मागवले. पहिल्याचा लाल दिवा लागतो, पण लॅपटॉपला तो दिसतच नाही. दुसरा दिसला, दिवाही लुकलुकला. मग डी७ पिनला पाच व्होल्टचा रिले (कॉईलवर चालणारा छोटा स्विच) थेट जोडला. चार-पाच वेळा टकटक झाली आणि डी७ कायमचा गप्प झाला. इंग्रजी बेताचं, कोडिंग शून्य. त्यापेक्षा ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घेऊ का? मेलेले बोर्ड फेकून देऊ का? नेमकी सुरुवात कुठून करू?

उत्तर: राम राम भाऊ. पहिला बोर्ड बहुधा मेलेलाच नाही, आणि दुसरा तुमच्या अठरा वर्षांच्या हातानं मारला. स्टार्टरमध्ये कॉईलला दोन तारा दिल्या की ती ओढते. ही सवय बोर्डासमोर बाजूला ठेवावी लागेल. ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे घात करते एवढं कळलं, तर कॉलेजच्या पोरांपेक्षा तुम्ही लवकर पुढे जाल. त्यांना कोड येतो, पण कोरडी मोटार अँपिअर मीटरवर कशी दिसते हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

आधी पहिला बोर्ड. लाल दिवा लागतो याचा अर्थ पाच व्होल्ट पोचतायत, इतकाच. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल-काळी वीज नेते, हिरवी-पांढरी माहिती नेते. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये हिरवी-पांढरी घातलेलीच नसते. बोर्ड लावल्यावर लॅपटॉपनं 'टुंग' असा आवाजही केला नाही, तर पहिला संशय केबलवर घ्या. नॅनोला जुनं मिनी यूएसबीचं तोंड असेल तर जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची केबल शोधा, ती डेटाचीच असते. टाइप-सी असेल तर त्याच केबलनं मोबाइल लॅपटॉपला लावून पाहा. फोटो दिसले तर केबल ठीक. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल मात्र वापरू नका. त्यासाठी बोर्डावर दोन छोटे रेझिस्टर लागतात, ते बऱ्याच क्लोन, म्हणजे नक्कल केलेल्या, बोर्डांवर नसतात आणि मग दिवासुद्धा लागत नाही.

आवाज आला, पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसतंय, तर ड्रायव्हर नाही. क्लोन नॅनोवर यूएसबीसाठी सीएच३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर टाकला की 'पोर्ट्स' या गटात सीएच३४० आणि पुढे कॉम३, कॉम५ असा काही क्रमांक दिसतो. तोच क्रमांक आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टूल्स' मेन्यूतल्या 'पोर्ट'मध्ये निवडायचा. सॉफ्टवेअर आर्डुइनोच्या अधिकृत साइटवरून फुकट मिळतं. लॅपटॉप जुना, विंडोज ७ चा असेल तर नवीन २.० मालिका त्यावर चालणार नाही, १.८.१९ ही जुन्या मालिकेतली आवृत्ती घ्या, शिकायला ती पुरून उरते.

पोर्ट दिसतोय, तरी अपलोड करताना लाल अक्षरांत 'नॉट इन सिंक' दहा वेळा येतंय? मग 'टूल्स', 'प्रोसेसर' इथे जाऊन 'एटीमेगा३२८पी (ओल्ड बूटलोडर)' निवडा. बूटलोडर म्हणजे लॅपटॉपकडून प्रोग्राम घेणारा, चिपमध्ये आधीच भरलेला छोटा प्रोग्राम. नॅनोच्या जुन्या बूटलोडरचा बोलण्याचा वेग ५७६०० आहे, नव्याचा ११५२००. क्लोनवर बहुतेक वेळा जुनाच भरलेला असतो. लॅपटॉप एका वेगानं बोलतो, बोर्ड दुसऱ्या वेगानं ऐकतो, आणि लोक चांगला बोर्ड कचऱ्यात टाकतात.

आता दुसरा. निळ्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉईल मीटरवर मोजा, ७० ओहमच्या आसपास येईल. पाच भागिले सत्तर, म्हणजे ७० मिलिअँपिअर. नॅनोच्या पिनकडून निवांतपणे मागावा असा करंट २० मिलिअँपिअर. ४० ही कमाल मर्यादा, त्यापुढे चिप बिघडू शकते. कॉईलला पुरते पाच व्होल्ट मिळालेच नसणार, रिले कसाबसा ओढत असणार. पण पिनचा खरा जीव गेला तो रिले सोडताना. चोकचा पुरवठा तोडला की ठिणगी का उडते हे तुम्हाला सांगायला नको. तोच उलटा झटका, लहान रूपात, त्या कॉईलनं डी७ मध्ये मारला. कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांवर ठिणगीनं काळा डाग पडतो, चिपच्या आत थेट भोक पडतं.

उपाय दहा रुपयांच्या आतला आहे आणि तो एकदा हातानं जोडून बघाच. बीसी५४७ ट्रान्झिस्टर घ्या. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. डी७ पासून १ किलोओहमचा रेझिस्टर बेसला. एमिटर जीएनडीला. रिले कॉईलचं एक टोक पाच व्होल्टला, दुसरं कलेक्टरला. आणि कॉईलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड, पांढरा पट्टा पाच व्होल्टच्या बाजूला. पट्टा उलटा लागला तर रिले ओढणार नाही, ट्रान्झिस्टर मात्र तापेल. आता पिनला फक्त चार-साडेचार मिलिअँपिअर द्यावे लागतात. कॉईल ट्रान्झिस्टर ओढतो, झटका डायोड गिळतो. बाजारात मिळणाऱ्या तयार रिले मोड्यूलवर हेच सगळं आधीच बसवलेलं असतं. पुढे खुशाल मोड्यूल वापरा, फक्त एक ध्यानात ठेवा: बरीच मोड्यूल उलटी चालतात, पिन 'लो' केली की रिले ओढतो. त्यामुळे बोर्ड चालू होताना क्षणभर टक् असा आवाज येतो आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

सवयीची दुसरी जागा म्हणजे जीएनडी. ते अर्थिंग नाही आणि न्यूट्रलही नाही. ज्याच्यापासून बाकीचे व्होल्ट मोजायचे ती शून्याची जागा, एवढंच. बोर्डाला एक पुरवठा आणि सेन्सरला दुसरा असेल, तर दोन्हींचे जीएनडी एकमेकांना जोडावेच लागतात, नाहीतर आकडे वेडेवाकडे येतात. मात्र तो जीएनडी स्टार्टरच्या पेटीतल्या कुठल्याही तारेला लावायचा नाही. बोर्डाला वीज चांगल्या मोबाइल चार्जरमधूनच द्या. स्वस्त पॅनलमध्ये कॅपॅसिटर घालून २३० व्होल्ट उतरवलेला, ट्रान्सफॉर्मर नसलेला पुरवठा असतो, तो नको. त्यात जीएनडीवर फेज येऊ शकतो, आणि यूएसबी लावलेला लॅपटॉप व त्यावर टेकलेला हात दोन्ही त्या फेजवर जातात. सिरीज लॅम्प आणि मेगर या बोर्डाच्या जवळही आणू नका. टेस्टरही इथे कामाचा नाही, पाच व्होल्टवर तो पेटतच नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर, तेवढा पुरे.

ईएसपी३२ सध्या नको. बोर्ड चांगला आहे, वायफाय आहे, वेग कितीतरी जास्त. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि पाच व्होल्ट लागले की खराब होतात. ३४ ते ३९ या पिनांवरून आउटपुट निघत नाही, ६ ते ११ आतल्या मेमरीला जोडलेल्या असतात, आणि वायफाय चालू असताना काही ॲनालॉग पिना वाचताच येत नाहीत. शिकाऊ माणसाला इतक्या खाचाखोचा एकदम नकोत. शिवाय बोअरवर वायफाय कुठून आणणार?

तुमच्यासाठी आमची पसंती वेगळीच आहे: शिकायला ऊनो आर३, आणि तोही लांब २८ पायांची चिप सॉकेटमध्ये बसवलेला. नॅनो आणि ऊनो यांच्यात चिप एकच, एटीमेगा३२८पी: १६ मेगाहर्ट्झ, ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. फरक इतकाच की ऊनोची पिन जळाली तर चिप फ्यूजसारखी उपसून नवी बसवता येते. घेताना 'बूटलोडर भरलेली' अशी मागा, कोरी नको. चिपचं एक टोक अर्धगोल कापलेलं असतं, ते सॉकेटच्या खाचेशी जुळवा. नॅनो नंतर, शेतात बसवायला.

बाकी सामान थोडंच. ८३० भोकांचा ब्रेडबोर्ड एक. त्याची कडेची लाल-निळी रांग काही बोर्डांवर मधोमध तुटलेली असते, मीटरची बीप लावून आधीच तपासा. जम्पर वायर चाळीसेक, ३३० ओहम, १ के आणि १० के रेझिस्टर प्रत्येकी दहा, लाल एलईडी पाच, पुश बटन दोन, १० केचा पॉट (दांडा फिरवून बदलायचा रेझिस्टर) एक, बीसी५४७ आणि १एन४००७ पाच-पाच. लातूरला टीव्ही दुरुस्तीच्या पार्टच्या दुकानात यातलं बरंचसं मिळावं. नॅनोच्या पिना अनेकदा सुट्या येतात आणि लोक त्या नुसत्या भोकात खोचून काम करतात. हात हलला की बोर्ड बंद. डाग द्यावाच लागतो. त्यासाठी २५ वॅटची बारीक टोकाची कावी आणि रोझिन फ्लक्स असलेली बारीक सोल्डर तार घ्या. वायंडिंगच्या जाड तारा जोडायची तुमची मोठी कावी बोर्डावरचं तांबं उचकटून काढेल, आणि ॲसिडचा फ्लक्स काही महिन्यांत पिना हिरव्या करेल.

आता पहिला प्रोग्राम. स्वतः लिहायचा नाही. 'फाइल', 'एक्झाम्पल्स', 'बेसिक्स', 'ब्लिंक' इथे तयार आहे. त्यात दोन कप्पे दिसतील. 'सेटअप'मधलं काम बोर्ड चालू झाल्यावर एकदाच होतं. 'लूप'मधलं वरून खाली होतं, संपलं की परत वर, वीज असेपर्यंत. सेटअपमध्ये 'पिनमोड' एक पिन आउटपुट म्हणून ठरवतो. ती १३ नंबरची, बोर्डावरच्या छोट्या दिव्याला जोडलेली; कोडमध्ये तिच्या जागी 'एलईडी_बिल्टइन' असं लिहिलेलं दिसेल. लूपमध्ये चारच ओळी: 'डिजिटलराइट' हाय, 'डिले' १०००, 'डिजिटलराइट' लो, 'डिले' १०००. आकडे मिलिसेकंदात. पहिला १००० बदलून १०० करा, अपलोड करा. दिवा झटकन लागून सेकंदभर विझलेला राहिला, तर कोड तुमच्या हातानं बदलला आणि बोर्डानं तो ऐकला. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण केबल, ड्रायव्हर, पोर्ट आणि बूटलोडर या चारही गोष्टी याच एका दिव्यात तपासल्या जातात.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. सुरुवातीला लागतात ते तीसेक शब्द. मोटारच्या नेमप्लेटवरची इंग्रजी जशी पाठ झाली तशीच हीही होते. खरी अडचण स्पेलिंगच्या काटेकोरपणाची. 'पिनमोड'मधला एम आणि 'डिजिटलराइट'मधला डब्ल्यू मोठाच हवा. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर संगणक पुष्कळदा चुकीच्या खालची ओळ लाल करतो, म्हणून लाल ओळीच्या वरची ओळ आधी बघा. आणि व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेला कोड उचलून चिकटवला, तर अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात. मग 'स्ट्रे' या शब्दानं सुरू होणारी, काहीच अर्थ न लागणारी चूक दिसते. ती चिन्हं खोडून कीबोर्डवरून परत टाइप केली की चूक जाते. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर आकडेही देवनागरी पडतात, तेही चालत नाहीत.

पुढचे पंधरा-वीस दिवस २३० व्होल्ट टेबलावर येऊ देऊ नका. बाहेरचा एलईडी ३३० ओहममधून लावा, करंट साधारण ९ मिलिअँपिअर जातो. मग बटन. बटन नुसतं पिनला लावलं तर न दाबताही दिवा लुकलुकेल, हात जवळ नेला तरी बदलेल; तुमच्या दुकानात तर जास्तच, कारण भोवती सगळीकडे ५० हर्ट्झच्या तारा. पिन हवेत लोंबकळत असते, तिला आधार हवा. पिनमोडमध्ये 'इनपुट पुलअप' लिहा आणि बटनाचं दुसरं टोक जीएनडीला द्या. आतलाच रेझिस्टर पिनला वर धरून ठेवतो. बटन दाबलं की 'लो' वाचलं जातं. त्यानंतर पॉट: दोन बाजू पाच व्होल्ट आणि जीएनडीला, मधला पाय ए०ला. 'ॲनालॉगरीड' ० ते १०२३ आकडा देतो, म्हणजे एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची. तो आकडा 'सिरियल मॉनिटर'वर छापा. खिडकीतला वेग आणि कोडमधला वेग, दोन्हीकडे ९६०० ठेवा, नाहीतर चौकटी आणि उलटी प्रश्नचिन्हं दिसतात. हा मॉनिटर म्हणजे तुमचा नवा अँपिअर मीटर. आत काय चाललंय ते बघायची दुसरी खिडकी नाही.

मग 'मिलिस'. ड्राय रनच्या कामात हेच सगळ्यात जास्त लोकांना अडकवतं. 'डिले' लिहिला की तेवढा वेळ बोर्ड आंधळा-बहिरा. 'मोटार चालू झाल्यावर १५ सेकंद थांब' असं डिलेनं लिहिलं, तर त्या १५ सेकंदांत बंद करायचं बटनसुद्धा तो ऐकणार नाही. 'मिलिस' बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगतो. मोटार सुरू झाल्याची वेळ एका खणात लिहून ठेवायची आणि प्रत्येक फेरीत 'आत्ताची वेळ वजा ती वेळ' बघायची. खण 'अनसाइन्ड लाँग'च हवा. या बोर्डावर साधा 'इंट' ३२७६७ पर्यंतच मोजतो, त्यामुळे ६० गुणिले १००० लिहिलं तरी उत्तर उणे येतं. आकड्यामागे यूएल ही दोन इंग्रजी अक्षरं लावा. मिलिसचा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. वजाबाकीच्या पद्धतीनं लिहिलं असेल तर त्यानं काही बिघडत नाही. आपल्याकडच्या शेतीच्या फीडरवर तेवढे दिवस सलग वीज राहणारच नाही, हा भाग वेगळा.

आता तुमच्या आवडीचा भाग. करंट मोजायला क्लॅम्पसारखा उघडणारा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) घ्या, एससीटी-०१३-०३० या नावाचा: ३० अँपिअरला १ व्होल्ट. १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणाराही मिळतो, पण त्याला बाहेरून बर्डन रेझिस्टर (करंटचं व्होल्टमध्ये रूपांतर करणारा) लावावा लागतो. ०३० मध्ये तो आतच आहे. नॅनो उणे व्होल्ट वाचू शकत नाही आणि सीटीचा सिग्नल एसी, वर-खाली जाणारा. म्हणून पाच व्होल्ट आणि जीएनडी यांच्यामध्ये १० केचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. त्यांच्या मधल्या जोडावर २.५ व्होल्ट मिळतात. त्या जोडापासून जीएनडीला १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, अधिक बाजू जोडाकडे. सीटीची एक तार त्या जोडाला, दुसरी ए०ला. करंट नसताना आकडा ५१२ च्या जवळ स्थिर दिसला पाहिजे.

तपासायला मोटार नको. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या, २३० व्होल्टवर तो ०.४३ अँपिअर खातो. एवढ्यावर सीटी नीट बोलणार नाही. पण वेढे मारणं तर तुमचा धंदाच: बल्बच्या दोनपैकी एकाच तारेचे सीटीच्या खिडकीतून दहा वेढे काढा. सीटीला आता ४.३ अँपिअर दिसतात, बाहेर ०.१४५ व्होल्ट येतो आणि त्याचं टोक ०.२ व्होल्टच्या थोडं वर. म्हणजे आकडा ५१२ च्या दोन्ही बाजूंना चाळीसेक पायऱ्या हलला पाहिजे, साधारण ४७० ते ५५४. शंभर मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या पाच लहरी, सलग वाचून त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा ठेवा. दोहोंतला फरक म्हणजे तुमचा करंट. पाच वेढे केले की फरक निम्मा व्हावा. होत असेल तर मोजणी खरी. दोन्ही तारा एकदम खिडकीतून गेल्या तर शून्य येईल, ते तुम्हाला क्लॅम्प मीटरवरून माहीतच आहे.

ड्राय रनची मर्यादा किती ठेवायची हे कुठल्याही कोडमध्ये शोधू नका. पाणी सुटलं की अँपिअर पडतात, पण किती पडतात हे मोटारीगणिक वेगळं. सबमर्सिबल थ्री फेजला फरक स्पष्ट दिसतो. लहान सिंगल फेज कॅपॅसिटर मोटार रिकामीसुद्धा बऱ्यापैकी करंट खाते, तिथे फरक कमी. त्या बोअरवर भरपूर पाण्याचा आकडा आणि पाणी तुटल्यानंतरचा आकडा, दोन्ही मॉनिटरवरून वहीत लिहा आणि मर्यादा मध्ये धरा. फीडरचा व्होल्टेज रात्री आणि दिवसा वेगळा असतो, म्हणून दोन्ही वेळचे आकडे घ्या. सुरू होतानाचा करंट कितीतरी पट जास्त असतो आणि पाइप भरेपर्यंत लोड बदलत राहतं, त्यामुळे पहिले १५ सेकंद निकाल द्यायचा नाही. नंतरही आकडा सलग पाच-सात सेकंद खाली राहिला तरच बंद. एका फेरीच्या आकड्यावर मोटार पाडली, तर शेतकरी चौथ्या दिवशी तुमचं यंत्र काढून ठेवेल.

बंद कसं करायचं इथे जपून. निळ्या रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट एसी' छापलेलं असतं. त्यातून मोटार थेट चालवली तर सुरुवातीच्या झटक्यानं कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मोटार बंदच होत नाही. थ्री फेज स्टार्टरची नो-व्होल्ट कॉईल (वीज गेली की स्टार्टर सोडणारी) बहुधा दोन फेजमध्ये, ४१५ व्होल्टवर असते, म्हणजे तिच्यासाठीसुद्धा हा रिले अपुरा. मधे २४ व्होल्ट डीसी कॉईलचा छोटा कंट्रोल कॉन्टॅक्टर घाला, ज्याचे कॉन्टॅक्ट ४१५ व्होल्टला चालतात. नॅनो निळा रिले ओढेल, निळा रिले २४ व्होल्ट देईल, आणि त्या कॉन्टॅक्टरचा एनसी (एरवी जोडलेला) कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या स्टॉप बटनाच्या सिरीजमध्ये. दोन सेकंद ओढलं की नो-व्होल्ट कॉईल सुटते आणि हिरवं बटन दाबेपर्यंत मोटार बंद राहते. बोर्ड बिघडला तरी साधा स्टार्टर पूर्वीसारखा चालतो. पेटीत ऑटो (मोटार आपोआप सुरू करणारा) बसवलेला असेल तर मात्र दोन सेकंद पुरणार नाहीत, तो मोटार परत उचलेल. तिथे बोअर भरायला लागतो तेवढा वेळ, अर्धा-पाऊण तास, ओढूनच धरावं लागेल. वीज गेली की बोर्ड हा वेळ विसरतो, म्हणून वीज आल्यावर तो पहिल्यापासून मोजायला लावा. आणि पेटीतला पुरवठा तोडल्याशिवाय यूएसबी लावायची नाही, एकदाही नाही.

शेतात बसवताना १२ व्होल्टचा ॲडाप्टर 'व्हिन' पिनला देऊ नका. १०० मिलिअँपिअरलाही बोर्डावरचा बारका रेग्युलेटर ०.७ वॅट उष्णता काढतो, आणि वैशाखात पत्र्याच्या पेटीत त्याला थंड व्हायला जागा नाही. पाच व्होल्ट थेट 'पाच व्होल्ट' पिनला द्या, पण प्लस-मायनस दोनदा बघून. तिथे उलट्या जोडणीला संरक्षण नाही. बोर्ड वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, तारा खालून ग्लँडमधून घ्या. पाली आणि मुंग्या स्टार्टरच्या पेटीत काय करतात ते तुम्ही जाणता.

मेसेजचं काम सगळ्यात शेवटी. सिम घालून मेसेज पाठवणारं एसआयएम८००एल मोड्यूल टूजीवर चालतं, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणार नाही, जिओकडे टूजी नाही. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्क पकडताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. नॅनोच्या पाच व्होल्ट पिनवरून दिलात तर व्होल्टही जास्त आणि करंटही अपुरा. चार व्होल्टला लावलेला वेगळा बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्ट उतरवणारा) आणि मोड्यूलला चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. मोड्यूल पुन्हा पुन्हा बंद-चालू होत असेल तर कोड नका तपासू, पुरवठा तपासा.

राहिले ते दोन बोर्ड. फेकू नका. पहिल्याचं निदान वर झालंच; तरी शंका असेल तर त्याची आरएसटी पिन जीएनडीला जोडा, आरएक्स आणि टीएक्स पिना एकमेकींना जोडा, सिरियल मॉनिटर उघडून काही अक्षरं टाइप करा आणि एंटर मारा. तीच अक्षरं परत उमटली तर यूएसबीची चिप आणि केबल दोन्ही ठणठणीत. दुसऱ्यावर ब्लिंक अजून चालत असेल तर बाकीच्या पिना जिवंत असण्याची शक्यता मोठी. ब्लिंकमधल्या प्रत्येक 'एलईडी_बिल्टइन'च्या जागी २ ते १२ एकेक आकडा टाका, डिले तीन-चार सेकंदांचा करा, आणि मीटरचा काळा प्रोब जीएनडीला, लाल त्या-त्या पिनला लावून शून्य आणि पाच व्होल्ट दिसतात का बघा. चिपवर बोट ठेवा: नुसत्या ब्लिंकवर ती तापत असेल तर आत शॉर्ट आहे, तो बोर्ड बाजूला काढा. थंड असेल तर डी७ वर लाल टेपचा तुकडा चिकटवा आणि सीटीचे आकडे घ्यायला तोच बोर्ड वापरा.